अंबीबाई असं म्हणाली नव्हती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. बातमीदारीत दुसऱ्यांचे कबुलीजबाब पुष्कळ लिहिले. स्वतःचा लिहायला बसलो, तर पहिलं वाक्य सुचेना.

टोकावड्याहून वैशाखऱ्याकडे जाताना नदीकाठी एक वाडी आहे. पूर ओसरला, की पाण्याने आणलेल्या काडीकचऱ्याची रेघ जिथे राहिली असेल तिथे वाडीतली अंबीबाई एक दगड रोवायची, शेंदूर लावायची. आधी तिची सासू लावायची. नदीपासून दोनशे पावलांवर, सुक्या माळावर, ओळीने बसलेले दगड. मे महिन्याच्या भर दुपारी त्यांच्यामधून चालताना मला पाण्याखालून चालल्यासारखं का वाटायचं?

त्याच माळावर बंगल्यांचे प्लॉट पडले. आमच्या दैनिकाने त्या प्लॉटांच्या जाहिरातीची पुरवणी काढली. मुख्य लेख माझा — पहिल्यांदाच नावासकट. मी अंबीबाईला विचारलं, इथे पाणी येतं?

ती हसली. "नदी काय तुला इचारून येल का रे दादा? दगडापर्यंत तिचंच हाय. बांधा तुमी बंगलं, ती येल पाहुनी म्हनून."

वहीत मी हे जसंच्या तसं उतरवलं. आणि छापायला काय दिलं? 'या भागात पाणी कधीच आलेले नाही, असे वाडीतील अंबीबाई सांगतात.' शेजारी तिचा फोटो. माझ्यावर कुणाचा दबाव होता? नव्हता. खरं लिहिलं असतं तर लेख पुरवणीत बसला नसता — एवढंच. कात्रण प्लॉटच्या ऑफिसात लागलं. वाडीतही पोचलं.

मग भराव पडला. पुरुषभर उंच मुरूम. दगड त्याखाली गेले. नदीला पसरायला जागा उरली नाही. तिसऱ्या पावसाळ्यात, दिवसाढवळ्या, पाणी भरावाला वळसा घालून वाडीत शिरलं. तिथे ते खरोखरच पूर्वी कधी आलं नव्हतं. ते वाढताना पाहून अंबीबाई घरोघर ओरडत फिरली होती — वर चला. तिची जाऊ जागची हलली नाही. "तूच पेपरात सांगितलंस ना गो, पानी येत नाय?" म्हणाली. घर तिच्या अंगावर पडलं.

ही बातमीही मीच दिली. त्यात पुरवणीचा उल्लेख नव्हता.

गेल्या महिन्यात मी सगळं सांगायचं ठरवून वाडीवर गेलो. अंबीबाई दारात तांदूळ पाखडत होती. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "माझंच चुकलं रे दादा. मीच बोलले तुला."

काय बोललीस, मी विचारलं — का विचारलं?

सूप खाली ठेवून तिने सांगितलं. "या भागात पाणी कधीच आलेले नाही." शब्दन्‌शब्द माझं वाक्य. 'पानी' नाही, 'नाय' नाही — छापलं होतं तसं. मग माझ्याकडे बघत राहिली. "आसंच बोलले ना?"

हो, मी म्हणालो. असंच.

तिने चहा टाकला. मी तो प्यायलो.