मेजरच्या घरचा समुद्र

सुनंदाला हे माहीत नाही. सुनंदा म्हणजे माझी बायको. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, माझ्या खिशात काय आहे हे माझ्याआधी तिला माहीत असतं — पण हे नाही. तुम्ही म्हणाल, मग आम्हालाच का सांगताय? कारण तुम्ही आमच्या पाहुण्यांतले नाही. दिवाळीला आमच्या पंगतीत तुम्ही बसणार नाही, मेजरला भेटणार नाही, मंगलला तर नाहीच. म्हणून सांगतो. आणि सरळ सांगता येईल की नाही, तेही मला ठाऊक नाही.

आधी माझं सांगतो. सांगलीत विश्रामबागेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. काउंटरच्या मागं चार फुटी माशांची टाकी, पंधरा वर्षं झाली ठेवून. गोड्या पाण्यातले मासे — गोल्डफिश, एंजल, असले. आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेली पोरं काचेला नाक लावून उभी राहायची. लोक दुकानाला 'मासेवालं झेरॉक्स' म्हणतात. पाहुण्यांत कुणाचा मासा आजारी पडला की फोन मला. पाणी गढूळ झालं की फोन मला. मी पण मग डॉक्टरासारखा आवाज काढून सांगायचो, रोज किती खायला घालता, ऊन येतं का. मला ते आवडायचं. लय आवडायचं. दुसरं होतंच काय माझ्याकडं मिरवायला?

मग मेजर आला. मेजर म्हणजे माझा साडू, सुनंदाच्या धाकट्या बहिणीचा, मंगलचा नवरा. बिराप्पा त्याचं नाव, गाव जत तालुक्यात. रिटायर झाला तो हवालदार म्हणून, पण आमच्याकडं मिलिटरीतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच. शेवटची पोस्टिंग अंदमानला होती. सांगलीत आमच्यापासून दहा मिनिटांवर दोन खोल्या घेतल्या, आणि एका रविवारी सगळे जेवत असताना म्हणाला, घरात खाऱ्या पाण्याची टाकी करायची. अंदमानात बघितलेलं मंगलला दाखवायचंय. तिला एकदा घेऊन जायचं म्हणत होतो, जमलं नाही.

मी हसलो. म्हणालो, "आवं मेजर, तुमच्या गावाला प्यायला टँकर येतोय, आन् तुमी इथं समुद्र आणणार व्हय?" सगळे हसले. तोही हसला! हेच तर त्याचं वाईट होतं — त्याला राग यायचा नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

आता एक आतली गोष्ट सांगतो. खाऱ्या पाण्याची टाकी मलाच करायची होती. दहा वर्षांपूर्वी पुण्यात एका दुकानात बघितली होती, अर्धा तास हललो नव्हतो तिथून. घरी आलो आणि सगळ्यांना सांगत सुटलो, ते श्रीमंतांचं काम आहे, आपल्यासारख्याचं नाही. कुणी विचारलं की हेच उत्तर. खरं म्हणजे मी भ्यालो होतो. बिघडलं तर लोक हसतील. मासेवाला म्हणून नाव झालेलं, ते कशाला घालवा?

आणि ह्या गड्यानं ते केलं. स्वस्तात केलं. एका दवाखान्यातून काढून टाकलेली, काचेवर ओरखडे असलेली तीन फुटी टाकी आणली. स्टँड लोखंडी अँगलचा, वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला, रंग स्वतः मारला. कुणीतरी छंद सोडला होता त्याच्याकडून दगड आणि पाणी हलवायची मोटर जुनी घेतली. समुद्राचं मीठ तेवढं पाकिटातलं, कारण खायचं मीठ चालत नाही. महागडं फिल्टर टाळलं. म्हणाला, ज्याला पैसा घालता येत नाही त्यानं वेळ घालायचा. मग खारं पाणी भरून त्यात एकच सोललेली कोळंबी टाकली आणि बसला वाट बघत. ती कुजून पाण्यात चांगले जंतू तयार होतात, त्याशिवाय मासा जगत नाही, हे मलाही कळत होतं. पण मी सोडतो काय? महिनाभर जाईन तिथं सांगत होतो — मेजरनं कोळंबीचं कालवण लावलंय, शिजलं की बोलावणार आहे. लोक पोट धरून हसायचे. तो मात्र रोज सकाळी पाणी तपासायचा, वहीत लिहायचा, काचेवरची पातळीची रेघ बघायचा. सहा आठवडे! रिकाम्या टाकीपुढं सहा आठवडे बसणारा माणूस तुम्ही बघितलाय का?

सातव्या आठवड्यात मासे आले. दोनच, नारंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे. मग काच साफ करणाऱ्या गोगलगायी. मग लाल अंगाची, पांढऱ्या मिशांची एक जिवंत कोळंबी, जी माशांच्या अंगावर चढून त्यांना साफ करायची. आणि एका दगडावर हिरवी, बटणासारखी फुलं, जी फुलं नसून जनावरं असतात. निळा दिवा लावला की ती उजळायची. मी पहिल्यांदा बघितलं आणि दुकानातल्या पोरांसारखं काचेला नाक लावलं. मंगल शेजारी उभी होती. म्हणाली, "दाजी, ह्ये सगळं खरंच आसंल का वो समुद्रात?" मेजर तिच्याकडं बघत होता, टाकीकडं नाही. मी चहा न पिता निघालो.

त्यानंतर जे सुरू झालं! सासुरवाडीचे लोक आधी माझ्या दुकानात यायचे, ते आता सरळ मेजरकडं. फोन मेजरला. स्टेटसला मेजरचे मासे. सुनंदासुद्धा एकदा सहज बोलली, मेजरांनी बघा कसं चिकाटीनं केलं. सहजच, पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आणि माझी श्रेया, आठवीतली, जी शाळेतून आली की दप्तर काउंटरवर टाकून माझ्या माशांना खायला घालायची — ती रोज संध्याकाळी तिकडं. मेजरनं तिला पाण्याचा खारेपणा मोजायला शिकवलं होतं. मला म्हणाली, "पप्पा, आपले मासे नुसतेच फिरतात." नुसतेच फिरतात! जन्मापासून तेच फिरणं बघून ती मोठी झाली होती. शाळेच्या प्रकल्पाला तिनं नाव दिलं, 'काकांचा समुद्र'. झेरॉक्स मीच काढली, रंगीत. आतून नुसता जळत होतो मी. तुम्हाला हसू येईल, पण पोरगी हातातून गेल्यासारखं वाटत होतं.

इथपर्यंत सांगायला सोपं होतं. जळणं काय, सगळेच जळतात.

उन्हाळ्यात मेजरच्या वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं. तो तीन-चार आठवड्यांसाठी गावाकडं गेला. जाताना मंगलला एकच काम लावून गेला. टाकीतलं पाणी उन्हानं आटतं, मीठ मागं राहतं. म्हणून रोज फिल्टरच्या मशीनचं गोडं पाणी रेघेपर्यंत भरायचं, दीड-दोन लिटर. त्यासाठी तोटीचा एक पांढरा प्लास्टिकचा कॅन भरून ठेवला होता. त्यातलंच, म्हणाला. दुसरं कशातलं का नको, ते त्यानं सांगितलं नाही. त्याच्या डोक्यातच आलं नसणार.

मी श्रेयाला आणायला गेलो होतो. संध्याकाळचे सहा वाजले असतील. स्वयंपाकघरात मंगलचा तांब्याचा हंडा, लग्नातला, चिंचेनं घासून लखलखीत केलेला. आमच्याकडं तुम्हाला ठाऊकच आहे — प्यायचं पाणी तांब्यात, म्हणजे अंगाला चांगलं. मंगल म्हणाली, "दाजी, ह्यांचा क्यान गळाय लागलाय. मी मशीनचं पाणी हंड्यात भरून ठेवते आन् त्यातलंच टाकीत वतते. चालतंय न्हवं?"

मला माहीत होतं.

हे नीट ऐका, कारण ह्याच वाक्यासाठी मी एवढा फिरून आलोय. मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या टाकीत बारक्या गोगलगायी माजल्या होत्या, तेव्हा तांब्याचं निळं औषध मीच ओतलं होतं. तिसऱ्या दिवशी सगळ्या तळाला मरून पडल्या होत्या. शिवाय मेजर टाकीत हात घालायच्या आधी बोटातली तांब्याची अंगठी काढून ठेवायचा, आणि मी विचारल्यावर म्हणाला होता, "तांबं म्हंजे ह्यास्नी इख, पाव्हणं." मला सांगितलं होतं त्यानं. बायकोला सांगायचं राहिलं, मला सांगितलं.

मी म्हणालो, "चालतंय की. तांब्यातलं तर उलट चांगलं."

पहिलं वाक्य तोंडातून निसटलं असं म्हणता आलं असतं. पण दुसरं? दुसरं मी जोडलं. श्रेया टाकीपुढं बसून खिदळत होती, तिचं हसणं ऐकू येत होतं, आणि मी ते जोडलं.

मंगल खुश झाली. मला वाटलंच, म्हणाली. माशांनाही घरच्यासारखंच पाणी. आणि माझ्यासमोर हंड्यात तांब्या बुडवून घेतला आणि टाकीत ओतला, देवावर ओततात तसा हळू.

एका दिवसात काही होत नाही, थोडं थोडं साठत जातं. म्हणजे मला रोज संधी होती. फोन खिशात होता. रोज श्रेयाला आणायला जात होतो. नुसतं "मंगल, हंडा नको" — तीन शब्द. दहा-बारा दिवसांनी गोगलगायी काचेवरून गळून पडल्या. मग लाल कोळंबी एका कोपऱ्यात आडवी झाली. मग हिरवी फुलं मिटली, ती मिटलीच. आणि मला — आता हेही सांगतोच — मला बरं वाटलं. दुकानात येऊन माझ्या गोल्डफिशना मी त्या दिवशी दोनदा खायला घातलं.

मेजरचा गावाकडनं फोन आला. मंगलला नाही, श्रेयाला नाही, मला. "पाव्हणं, तुमी जाणकार हाय. जरा बघा वो, पोरी घाबरल्यात." जाणकार! किती महिन्यांनी कुणीतरी मला जाणकार म्हटलं होतं. मी गेलो, वाकून बघितलं, टाकीचा वास घेतला आणि फोनवर सांगितलं, उन्हाचं असंल, पाणी तापलंय, पंखा लावतो. आणि पंखा लावला. मागं मंगल हंड्याजवळ उभी होती. मासे चार दिवसांनी गेले, दगडातलं सगळं मेल्यानं पाणीच सडलं होतं. श्रेया त्या दिवशी जेवली नाही.

मेजर आला तेव्हा कुणावर ओरडला नाही. स्टूल घेऊन टाकीसमोर बसला, वही उघडली, पानं उलटीत राहिला. मग म्हणाला, "माझीच चूक, पाव्हणं. दगड जुनं घेतलं, त्यातच कायतरी आसणार. स्वस्तात कराय गेलो." आणि मी? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "मी तवाच म्हणलो न्हवतो का?"

टाकी त्यानं मला दिली. माझ्याकडं आता जीव जगायचा न्हाई, तुमास्नीच शोभतंय, म्हणाला. ती दुकानात आहे, आता तिच्यात गोल्डफिश आहेत. लोक परत मला फोन करतात. श्रेया दुकानात येते, झेरॉक्स काढायला मदत करते, पण कुठल्याच टाकीकडं बघत नाही.

मागच्या दिवाळीत मंगल अंगणात चिंच घेऊन हंडा घासत होती. आजूबाजूला कुणी नाही बघून म्हणाली, "दाजी, एक इचारू? त्या हंड्याच्या पाण्यानं तर न्हवतं ना झालं? मी ह्यांना आजून सांगितलंच न्हाई. झोप लागत न्हवती मला. मग वाटतं, दाजी चालतंय म्हणलं हुतं, म्हंजे तसं काय नसणार."

माझ्या त्या खोट्यावर ती इतके महिने झोपत होती. मी म्हणालो, "न्हाई गं. त्यानं कशाला हुतंय?"

तिला वाईट वाटू नये म्हणून म्हणालो, असं मी घरी येता येता स्वतःला सांगितलं. तेही खोटं आहे. तिनं मेजरला सांगितलं असतं आणि अंगठी काढताना मला काय सांगितलं होतं ते मेजरला आठवलं असतं, म्हणून म्हणालो.

अजून त्यांच्याकडं जाणं होतं. जिथं टाकी होती तिथं आता टीव्ही आहे, फरशीवर स्टँडच्या पायांचे डाग तेवढे राहिलेत. मी बसलो की मेजर विचारतो, "मासं काय म्हणत्यात, पाव्हणं?" मी बरे आहेत म्हणतो. मग मंगल आतून पाणी आणते, त्याच हंड्यातलं, थंडगार. तांब्या हातात देते आणि मी पिऊन होईपर्यंत समोर उभी राहते.

मी सगळं पाणी पितो आणि रिकामा तांब्या तिच्या हातात परत देतो.