दादाच्या अ‍ॅम्प्लिफायरमधला वाल्व

दादा गुरुवारी सकाळी नांदेडच्या दवाखान्यात वारला. मी लातूरला शाळेत तास घेत होते. शिपायानं तार आणून दिली. त्याच आठवड्यात लातूरचा जिल्हा झाला.

बसस्थानकावर पताका लागल्या होत्या. त्यांच्याखालून मी नांदेडची गाडी पकडली. शेजारच्या बाईनं विचारलं, आता तुमची कचेरीची कामं इथंच होतील, नाही का? मी हो म्हणाले.

पुढे उन्हाळा लागता लागता दादाच्या गायन पार्टीतले पेटीवाले काका माझ्या दारात आले. सोबत एसटीच्या टपावरून आणलेलं प्लायवूडचं खोकं होतं: दादाचा अ‍ॅम्प्लिफायर. काका हार्मोनियम वाजवत आणि पार्टीचा कारभारही बघत. दादा गिटार वाजवायचा. आडवी ठेवून, तारांवर लोखंडी रॉड सरकवत वाजवतात ती.

"ताई, ह्याचा आवाज पार उतरलाय," काका म्हणाले. "औंदा जयंतीला लातूरचं बोलावणं हाय. नव्या जिल्ह्यातली पैलीच जयंती. तुमी सायन्सच्या बाई. बगा काय व्हतंय का."

ते खोकं मला चांगलं ठाऊक होतं. बहात्तरच्या दुष्काळात दादा हदगावच्या बाजूला सरकारी कामावर खडी फोडायचा, घमेली वाहायचा. मी तेव्हा शाळेत होते. मी शाळा सोडून कामावर यावं असं घरात सगळ्यांना वाटत होतं. दादा एकटा नाही म्हणाला, आणि ते नाही त्यानं शेवटपर्यंत धरून ठेवलं. पुढे पाऊसपाणी झाल्यावर त्यानं नांदेडच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून हा अ‍ॅम्प्लिफायर बांधून घेतला.

घरात येणारा करंट पुढे-मागे धावत असतो. अ‍ॅम्प्लिफायरला एकाच दिशेनं जाणारा लागतो. तो तसा करून देणाऱ्याला रेक्टिफायर म्हणतात. दादाच्या खोक्यात हे काम काचेचा एक वाल्व करायचा. वाल्व तापायला वेळ लागतो. म्हणून कार्यक्रमाआधीच्या बुद्धवंदनेत त्रिशरण सुरू झालं की दादा हळूच बटण दाबून हात जोडायचा. पंचशील संपून माणसं खाली बसेपर्यंत खोकं तयार असायचं. इतर पार्ट्या कार्यक्रमाआधी 'हॅलो, हॅलो' करायच्या. आमच्याकडे वंदनेतच काम भागायचं.

आणखी एक गोष्ट होती. दादानं तार जोरात छेडली की आवाज आधी किंचित दबायचा आणि मग फुलून वर यायचा. जोराचा सूर आला की तेवढा करंट त्या वाल्वला एकदम पुरवता येत नाही, म्हणून तसं होतं. हे मी पुढे पुस्तकात वाचलं. दादाला ते वाचायची गरज पडली नाही. तो म्हणायचा, "घमेलं डोक्यावर घेताना गुडघा वाकतोच की. वाकतो आन् मग मानूस हुबा ऱ्हातो. ह्यो वाल बी तसाच हाय."

गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीतल्या रेडिओ मिस्त्रींकडे आम्ही खोकं नेलं. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, त्यामुळे ते मला बाई म्हणत. त्यांनी मागची फळी काढली, वाल्व हलवून पाहिला.

"बाई, रेक्टिफायर गेला. ह्यो वाल आता कुटं मिळंना. डायोड टाकून देतो." त्यांनी तळहातावर दोन डायोड ठेवले. तुरीच्या दाण्याएवढे होते. "तापायचं न्हाई, फुटायचं न्हाई, आवाज बी दणकून."

"टाका," काका म्हणाले.

डायोड बसले. पार्टीतला नवा गिटारवाला दुकानातच वाजवून बघू लागला. आवाज मोठा होता, स्वच्छ होता, आणि तार छेडल्याबरोबर भिंतीसारखा समोर उभा राहत होता. काका खूश झाले. मला मात्र पहिल्यांदा खरोखर कळलं की दादा गेला.

जयंतीच्या दिवशी संध्याकाळी मांडवात वंदना झाली, पहिलं गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला खोक्याच्या मागून लाल उजेड दिसला. खोक्यातला दुसरा, आवाज देणारा मोठा वाल्व निखाऱ्यासारखा पेटला होता. मग गिटार बंद पडली. पार्टीनं उरलेला कार्यक्रम पेटी-ढोलकीवर केला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी खोकं उलटं करून पाहिलं आणि हसायलाच लागले. आमच्या गावाकडं करंट कधी पुरा यायचा नाही. म्हणून नांदेडच्या दुरुस्तीवाल्यानं ट्रान्सफॉर्मरची तार कमी व्होल्टच्या जागी जोडून दिली होती. लातुरात जिल्हा झाल्यापासून करंट पुरा येऊ लागला होता. त्यात जुना वाल्व थोडा दाब स्वतः गिळायचा, डायोड काही गिळत नाही, सगळा दाब तसाच पुढे देतो. तार कुठं जोडली आहे, हे बघायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

त्यांनी तार पुऱ्या व्होल्टच्या जागी लावली, जळालेला वाल्व बदलला. "आता डायोडला काय बी धाड न्हाई. दहा वर्सं बगायला नगं."

त्यांचं बरोबर होतं. डायोडचा दोष नव्हता. इथंच मी गप्प बसावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती.

"डायोड काढा," मी म्हणाले. "वाल्व बसवा."

"कुटून आनू बाई वाल? शेतात पिकतो का?"

"माझ्या घरच्या रेडिओत तसलाच आहे."

काका खाली बसले. "ताई, आवो चालता रेडिओ मोडून काय करून राहिल्या तुमी? समद्या पार्ट्या आता दणक्याचा आवाज मागून राहिल्या. त्यो वाल दबतो. दबनं म्हंजे दोषच की."

"दबतो आणि मग उभा राहतो, काका. तुम्ही दादाच्या शेजारी बसून एवढी वर्षं वाजवलंत. तुम्हाला ऐकू आलं नाही?"

काकांनी मिस्त्रींकडे पाहिलं.

"मंग रेडिओचं काय?" मिस्त्रींनी विचारलं.

"रेडिओत हे डायोड टाका. बातम्यांना वाकायचं काही कारण नाही."

मिस्त्री मोठ्यानं हसले. "मास्तरीनबाईचा न्याय हाय ह्यो," ते म्हणाले आणि त्यांनी कावीळ झाल्यासारखा पिवळा पडलेला माझा रेडिओ संध्याकाळपर्यंत उघडून ठेवला.

वाल्व बसला. गिटारवाल्यानं तार छेडली. सूर दबला, थांबला, वर आला. काकांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "ह्याच्यावर आमचं भागायचं न्हाई, ताई."

"मग खोकं माझ्याकडे राहील."

"पार्टीचं हाय ते."

"दादाचं आहे."

भांडण झालं असं म्हणता येणार नाही. काकांनी नवा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला आणि पार्टी त्याच्यावर चालली, चांगली चालली. मला लोक हट्टी म्हणाले. शिकलेली बाई असून मेलेल्या माणसाच्या डब्यापायी रेडिओ फोडला, असंही म्हणाले. मला उत्तर देता आलं असतं. पुस्तकात कारणं आहेत, दोन्ही बाजूंची. पण दादा ज्या दिवशी माझी शाळा सुटू नये म्हणून नाही म्हणाला, त्या दिवशी त्यानंही कारण दिलं नव्हतं. नुसतं नाही म्हणाला होता. ते मी त्याच्याकडून घेतलं आहे आणि परत करणार नाही.

काका गेले. पार्टी मोडली. डायोडवर चालणारा तो रेडिओ बरीच वर्षं बातम्या सांगत राहिला, मग तोही बंद झाला. अ‍ॅम्प्लिफायर माझ्या खोलीत आहे. जयंतीला सकाळी वंदना म्हणायला लागले की मी त्याचं बटण दाबते. वंदना म्हणून होईपर्यंत तो तापतो. मला गिटार येत नाही. दादाची गिटारही माझ्याकडेच आहे; ती मी मांडीवर घेते आणि एक तार छेडते.

दुसरा वाल्व माझ्याकडे नाही. हा गेला की अ‍ॅम्प्लिफायर बंद राहील.