खुंटीवरचे यंत्र

माझ्या मुलीची मुलगी सार्वजनिक आरोग्य या विषयात संशोधन करते. गेल्या मार्गशीर्षात ती आमच्या सक्करदऱ्याच्या घरी एक चौकोनी पिशवी घेऊन आली. पिशवीत साबणाच्या वडीहून थोडा मोठा असा एक पंप होता, कमरेला बांधायचा नायलॉनचा पट्टा होता आणि एक लांब नळी होती. नळीच्या टोकाला एका डबीत पांढऱ्या कागदाची गोल चकती बसवलेली होती.

"आजोबा, आजी जी हवा आत घेईल तीच हा पंप घेणार," ती म्हणाली. "धूळ, धूर, जे काही असेल ते या कागदावर बसेल. कागद आधी तोललाय, सात दिवसांनी पुन्हा तोलायचा."

काही घरे चुलीची आणि काही गॅसची निवडून, तेथील स्त्रियांच्या छातीत कशी हवा जाते आणि त्यांच्या श्वासात किती बळ उरते, याचा ती मेळ घालीत होती. आमचे घर गॅसचे. आसपास कारखाना नाही, अंगणात फरशी घातलेली. चुलीच्या घरांशी तुलना करण्यासाठी तिला अशीच घरे हवी होती. "तू माझी स्वच्छ हवेची बाई," असे म्हणून तिने आजीच्या गालाला हात लावला.

पत्नीला दोन-तीन हिवाळ्यांपासून खोकला होता. आम्ही तो कधी थंडीवर ढकलला, कधी समोरच्या रस्त्याच्या खोदकामावर, कधी कबुतरांवर.

नातीने श्वासाचे बळ मोजणारे एक नळकांडे पत्नीच्या तोंडाशी धरले आणि दीर्घ श्वास घेऊन फुंकायला सांगितले. "फुंक आजी, फुंक, अजून, अजून, अजून!"

"चूल पेटवायची आहे का गं तुझी?" पत्नी हसू लागली आणि हसता हसता खोकू लागली. नात प्रथम हसली. मग तिने नळकांड्यावरचा आकडा पाहिला, वहीत उतरवला आणि वही मिटली.

ती गेल्यावर पत्नीने विचारले, "अहो, हा कमरेचा पट्टा सोवळ्यात चालेल का?"

मी वाचीत होतो. मान वर न करता म्हणालो, "नायलॉन आहे. नाही चालणार."

एवढाच निर्णय. घरात शास्त्राचा प्रश्न आला की माझा शब्द शेवटचा असतो, आणि तो मी इतक्या सहजपणे दिला.

शाळेतील संस्कृतची नोकरी संपली त्या वर्षी मी नित्य होमाचे व्रत घेतले. बारा वर्षे झाली. पहाटे गोवऱ्यांवर निजवलेला विस्तव जागा करायचा, तूप आणि अक्षता अर्पण करायच्या. पत्नी उजव्या बाजूस बसते, कारण तिच्यावाचून ती आहुती माझी होत नाही. आमचे देवघर लहान आहे. त्याला एकच खिडकी, आणि तिच्यात उन्हाळ्यासाठी कूलर बसवलेला. दिवाळी झाली की गार वारा आणि कबुतरे आत येऊ नयेत म्हणून त्याच्यामागे मी स्वतः पुठ्ठा ठोकतो. दारही ओढून घेतलेले असते. धूर डोळ्यांना लागतो हे आम्हाला ठाऊक होते. ते पाणी आम्ही भक्तीच्या खाती घातले होते.

नातीने यंत्र केवळ आंघोळीच्या वेळी उतरवायला सांगितले होते. पण आमच्याकडे आंघोळीनंतर नैवेद्य होईपर्यंत सोवळे सुटत नाही. म्हणून साडेपाचला पत्नी यंत्र देवघराबाहेरच्या खुंटीवर टांगी आणि आठ वाजता पुन्हा कमरेला बांधी. नोंदीच्या कागदावर 'आंघोळीसाठी उतरविले' या रकान्यात मी सुवाच्य अक्षरात दोन्ही वेळा लिहीत असे. माझ्या दृष्टीने त्यात असत्य काही नव्हते.

त्या सात दिवसांत एक गोष्ट मात्र मनात राहिली. दोन आहुतींच्या मधल्या शांततेत दाराबाहेरून त्या पंपाची बारीक, अखंड घरघर ऐकू येई. बाहेर कोणी उभे आहे, श्वास घेत आहे, आणि आत येण्याची परवानगी त्याला नाही, असे वाटे.

पौषात नात पुन्हा आली. या वेळी ती थट्टा करीत नव्हती. तिने संगणकावर एक आलेख दाखवला. सारे ठिपके एका उतरत्या रेषेच्या आसपास होते. जितका धूर जास्त, तितका श्वास उणा. एकच ठिपका दूर, खाली डाव्या कोपऱ्यात पडलेला होता.

"ही आजी," ती म्हणाली. "कागद जवळजवळ कोरा आलाय, आणि श्वास मात्र तीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या बाईसारखा. सर म्हणतात, पंप बिघडला असेल. मी दुसरा आणलाय. याही वेळी कागद कोरा आला, तर आजीला आकडेवारीतून वगळायचं."

"वगळायचे म्हणजे?"

"म्हणजे ती माझ्या अभ्यासात नव्हतीच असं धरायचं."

पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, "धर बाई. तेवढाच तो पट्टा सुटेल."

दुसरा पंप पहिल्यासारखाच खुंटीवर टांगला जाऊ लागला. तिसऱ्या दिवशी भांड्यांना येणारी बाई नेहमीपेक्षा लवकर आली. देवघराचे दार किलकिले होते. पत्नी आत खोकत होती. बाई कमरेवर हात ठेवून खुंटीकडे पाहत उभी राहिली.

"काहून वं आजी? मशीन भाईर टांगली, अन् खोकून आतमंदी राहिल्या? खोकला त्या मशीनले आहे का तुमाले?"

पत्नी पदर तोंडाला लावून हसली. मी हसलो नाही. माझ्या हातात तुपाची पळी होती आणि ती तशीच राहिली. इतक्या साध्या शब्दांत मला कोणी कधी काही शिकवले नव्हते.

त्या क्षणी मला सर्व कळले. हे लिहिताना लाज वाटते, पण कळूनही मी तीन दिवस गप्प राहिलो. नातीला एक फोन केला असता तर पुरे होते. मी स्वतःला समजावीत राहिलो की होमाच्या तीर्थासारख्या पवित्र धुराने अपाय कसा होईल, तूप आहे, देशी गाईच्या गोवऱ्या आहेत. खरे कारण वेगळे होते. तो कागद कोरा येईल, पत्नी आकडेवारीतून निघून जाईल आणि मला काहीही सोडावे लागणार नाही, हे मला हवे होते. दर पहाटे घरघर ऐकू येई. दर पहाटे मी आवाज थोडा चढवून मंत्र म्हणत असे.

शास्त्रात असेही सांगितले आहे की अग्नी राखणाऱ्याची पत्नी आधी गेली, तर तिला त्याच अग्नीने निरोप द्यावा. हे मी विद्यार्थ्यांना अनेकदा शिकवले होते. त्या दिवसांत ते वाक्य मनात येई आणि मी समोरच्या विस्तवाकडे पाहण्याचे टाळीत असे.

सातव्या पहाटे आहुती देताना पत्नी थांबली. अक्षता तिच्या मुठीत होत्या. तिचे खांदे वर गेले आणि तिथेच अडकले. ओठ हलत होते, पण शब्दाला लागेल एवढाही वारा आत नव्हता. तिने माझ्याकडे पाहिले. तक्रार नव्हती त्या पाहण्यात, नुसता प्रश्न होता.

मी उठलो. सोवळ्यात असतानाच बाहेर जाऊन यंत्र खुंटीवरून काढले, माझ्या रेशमी उपरण्यात गुंडाळले आणि नळीचे टोक तिच्या खांद्याशी धरून बसलो. दार मागे उघडेच राहिले होते. तिचा श्वास सावकाश परत आला.

"रेशमात चालतं?" तिने बऱ्याच वेळाने विचारले.

"चालते," मी म्हणालो.

"मग तेव्हाच सांगायचं होतंत."

रेशमाला सोवळ्यात दोष नाही, हे मला पहिल्या दिवशीही ठाऊक होते. मी आठवण्याचे कष्ट घेतले नव्हते.

संध्याकाळी नात आली. तिने डबी उघडली. एकाच पहाटेत कागद होमकुंडातील राखेच्या रंगाचा झाला होता. मी तिला सारे सांगितले, माझ्या तीन दिवसांच्या मौनासह. ती रागावेल असे वाटले होते. ती खुर्चीवर बसली आणि जुने नोंदीचे कागद काढून पाहू लागली.

"साडेपाच ते आठ," ती वाचीत होती. "अडीच तास आंघोळ. मला वाटलं आजोबांचा हात चुकला, म्हणून मी साडेसात ते आठ असं दुरुस्त केलं. विचारलं नाही." मग तिने मान वर केली. "किती वर्षं, आजोबा?"

"बारा."

छातीच्या डॉक्टरांनी पुढे सांगितले की गेलेला श्वास परतणार नाही, उरलेला राखता येईल. आमच्या घरातील ठिपका आता कोपऱ्यात नसून इतरांच्या रेषेवर आहे, असे नातीने कळवले. तिच्या सरांनी नोंदींचा तो रकाना सर्व घरांतून पुन्हा तपासायला लावला आहे.

अग्नी विझवता येत नाही. परंतु प्रवासाला निघालेल्या गृहस्थाने तो स्वतःत सामावून घ्यावा, असा एक विधी आहे. तळवे विस्तवावर तापवायचे, तोंडाशी आणायचे आणि ती ऊब श्वासाबरोबर आत घ्यायची. माघातील एका सकाळी मी खिडकीचा पुठ्ठा उपटून काढला आणि तो विधी करायला बसलो. पत्नीला दाराबाहेर, खुंटीखाली बसवले होते.

"प्रवास कुठला हो आपला?" तिने तिथून विचारले.

उत्तर देण्यासाठी मी ती ऊब आत ओढली, आणि मला ठसका लागला. तो थांबेना. कुंडाची कड धरून मी बराच वेळ वाकून राहिलो.

नात त्या दिवशी घरीच होती. तिचा अभ्यास स्त्रियांचा असल्याने आजवर माझ्याकडे कोणी पाहिले नव्हते, आणि मीही नाही. बारा वर्षे मी पत्नीपेक्षा कुंडाला वीतभर जवळ बसत आलो होतो. नातीने पिशवीतून नळकांडे काढले आणि ते माझ्या तोंडाशी धरले.

"फुंका आजोबा. अजून. अजून. अजून."

मी फुंकले. तिने आकडा पाहिला, वहीत उतरवला आणि वही मिटली.