अंधारीला चौकट नव्हती

दुसऱ्याचा फॉर्म भरताना तुम्ही त्याचं उत्तर लिहिता, की चौकटीत बसेल ते?

मी चौकटीत बसलं ते लिहिलं. आणि मी कुठल्या घरातली? माणसाचं म्हणणं दाबू नका, असं छापलेली घरच्यांच्या चळवळीची पत्रकं मी वाचता येण्याआधी घोडेगावच्या बाजारात वाटली होती.

नगरच्या एका दवाखान्यात रक्तदाबाच्या नव्या गोळीची चाचणी चालू होती. तीच चाचणी आणखी काही केंद्रांत, सगळीकडे एकच छापील प्रश्नावली. रुग्णांना विचारून ती भरायचं काम माझं. सोनईच्या एक मावशी दर महिन्याला यायच्या.

"चक्कर येते का, मावशी?"

"न्हाई. उठताना अंधारी येती तेवढी."

"म्हणजे चक्करच ना?"

"चक्कर आली की मानूस पडतंय. मी कुठं पडले?"

चौकटी दोनच, होय आणि नाही. बाजूला शेरा लिहिला की चाचणीच्या मुख्य कार्यालयातून शंकांचे मेल यायचे, काम अडायचं. सर्वांत कमी शंका आमच्या केंद्राच्या, म्हणून बैठकीत कौतुक झालं होतं. मी 'नाही'वर खूण केली.

"अंधारी लिवली का?"

"त्याला जागा नाही यात."

"येवढा मोठा कागद, अन् जागा न्हाई व्हय," त्या हसल्या. मीही हसले.

पुढच्या महिन्यात उरलेल्या गोळ्या परत द्यायला त्यांची सून आली. तिनं सांगितलं, म्हशीची धार काढून उठताना मावशी गोठ्यातल्या दगडावर पडल्या. चौथ्या दिवशी गेल्या.

"ती पोरगी समदं लिवून घेती, म्हनायच्या," सून म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. नोंद दुरुस्त झाली, इतर केंद्रांना कळवलं गेलं. अकोल्याकडचे रुग्ण बघणाऱ्या एका ताईंचा फोन आला. "आमच्याकडंही अंधारीच म्हणतात गं. आम्हीही 'नाही'च लिहीत आलो."

सगळ्या केंद्रांचे कागद एकमेकांशी जुळत होते. त्यालाच आम्ही दर्जा म्हणत होतो. मावशी गोळीमुळं पडल्या का, मला आजही माहीत नाही. ते कळायची वाट माझ्याच खुणेनं बुजवली.

प्रश्नावलीत आता 'अंधारी' हा शब्द आहे. मावशींच्या कागदावर तो त्या गेल्यानंतर आला.

उद्या तुमच्या हातात कुणाचाही कागद येईल. समोरचा माणूस बोलेल तोच शब्द लिहा. जागा नसेल तर समासात लिहा, काम अडलं तर अडू द्या, आणि तो कागद सोडण्याआधी त्याला वाचून दाखवा.