हरभऱ्याएवढा तुकडा

शालू माझी खोलीतली जोडीदारीण. लासूर स्टेशनजवळच्या मेंढपाळ घरातली. तिचे वडील कडूबा अजून कळप घेऊन हिंडतात. मी मराठीत एम. ए. केलं, ती पाच वर्षं माणसाच्या मूत्राशयाच्या स्नायूपेशी वाढवते आहे. फोनवर कडूबा विचारतात, "अजून मुताच्याच पिशवीवर अडकली का गं?" ती म्हणते, "व्हय बाबा, लई मोठी पिशवी हाय."

तिचं काम तिने मला एकदा पोळ्या लाटताना सांगितलं. या पेशींच्या अंगावर रिसेप्टर असतात. मज्जातंतूंकडून निरोप आला की तो रिसेप्टर घेतात आणि पेशी आकसते. म्हाताऱ्या माणसांना सारखी घाई का होते, हे त्यातून कळू शकतं. पण प्रयोगशाळेतल्या प्लेटमध्ये पेशी दाटल्या की सोडवून नव्या प्लेटमध्ये पसराव्या लागतात, आणि दर वेळी रिसेप्टर कमी होत जातात. पाचव्या खेपेला त्या दिसतात तशाच, फक्त निरोप घेत नाहीत. म्हणून ताजा तुकडा हवा. तो मिळतो पोट उघडून केलेल्या ऑपरेशनमध्ये, रुग्णाने संमती दिली तर, आणि तोही हरभऱ्याएवढा. हल्ली बहुतेक ऑपरेशनं दुर्बिणीतून होतात. त्यात तिच्या कामाचं काही हाती लागत नाही.

नोव्हेंबरात चितेगावच्या पुंजाराम नावाच्या म्हाताऱ्याने संमतीच्या कागदावर अंगठा दिला. शालूने बर्फाच्या डब्यात पोषकद्रवाची गुलाबी बाटली पाठवली. दुपारी डबा परत आला. गुलाबी बाटली सील न फोडलेली. शेजारी दुसरी बाटली, तिच्यात तुकडा. झाकण उघडताच डोळे चुरचुरले. फॉर्मेलिन.

ती तशीच ऑपरेशन थिएटरला गेली.

"अगं, तपासणीचे तुकडे आम्ही त्यातच टाकतो," दीपमाला सिस्टर म्हणाल्या. "वीस वर्षं झाली. हात आपोआप जातो."

"सिस्टर, फॉर्मेलिनमध्ये पेशी मरतात."

"मग मोठ्या अक्षरात लिहायचं ना बाटलीवर."

"लिहिलं होतं. तीन भाषांत."

सिस्टरांनी हातमोजे काढले. मग म्हणाल्या, "चहा घेतीस का?"

प्रकल्प मार्चमध्ये संपणार होता. तोवर तीन वेगवेगळ्या माणसांच्या पेशींनी औषधाला प्रतिसाद दिलेला दाखवता आला तरच शालूचा प्रबंध पुढे सरकणार होता. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, फ्रीझरमधल्या पाचव्या खेपेच्या पेशी वापर. तिने वापरल्या. औषध टाकलं. पेशी आकसल्या की उठणारी यंत्राच्या पडद्यावरची रेघ सपाट राहिली. सरांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा सपाट. त्या आठवड्यात ती खोलीवर आली की बूट न काढता खाटेवर बसून राहायची. मी भाजी वाढली की म्हणायची, "नको, तूच खा."

टाके काढायला आलेल्या पुंजारामने तिला व्हरांड्यात गाठलं.

"पोरी, माझा तुकडा आला का कामाला?"

खोटं बोलणं सोपं होतं. ती म्हणाली, "नाय बाबा. चुकीच्या औषधात पडला. मेला."

म्हाताऱ्याने विचारलं, "म्हंजे मी वाचलो अन् त्यो गेला?"

"व्हय."

"बरं झालं, उलटं नाय झालं," तो म्हणाला आणि जिना उतरायला लागला. दोन पायऱ्यांवर थांबून म्हणाला, "पण दुसऱ्याचा तरी नीट सांभाळ बाई."

जानेवारीत गंगापूरच्या आवडाबाईंचा मूत्राशयातला मोठा खडा पोट उघडून काढायचा ठरला. या वेळी शालू बाटली हातात धरून सकाळी सातपासून थिएटरच्या दाराशी उभी राहिली. साडेअकराला दार किलकिलं झालं. सिस्टरांच्या एका हातात चिमटा होता आणि दुसऱ्या हातात फॉर्मेलिन.

"सिस्टर!"

"अगंबाई," त्या म्हणाल्या, आणि तुकडा गुलाबी बाटलीत पडला.

बारा दिवसांनी पेशी कडेने बाहेर सरकल्या. आणखी आठ दिवसांनी प्रयोगाच्या प्लेटमधले तीन खळगे भरतील एवढ्या झाल्या. सर म्हणाले, वाढव अजून. ती नाही म्हणाली. पहिल्याच खेपेला तिने सगळ्या पेशी प्रयोगात घातल्या. औषध पडलं आणि रेघ उठली. तिन्ही खळग्यांत. ते सांगताना तिचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

सरांनी कागद पाहिला. "झाले की तीन."

"तिन्ही खळगे आवडाबाईंचेच आहेत सर. माणूस एकच."

"तीन स्वतंत्र नोंदी म्हणून लिही. सगळे लिहितात."

"सगळे लिहीत असतील."

"मार्चनंतर तुला फेलोशिप नाही, शालू. हे मी करत नाही, नियम करतो."

तिने वही ओढली. 'माणसं' या रकान्यात एक लिहिलं, 'खळगे' या रकान्यात तीन. पेन इतकं दाबलं की मागच्या पानावर उमटलं. सर निघून गेले. तिला त्यांचा राग आला, फॉर्मेलिनचा आला, आवडाबाई एकच होत्या याचाही आला. मग तिने थिएटरला फोन लावून पुढच्या आठवड्याची यादी विचारली.

"चार आहेत," दीपमाला सिस्टर म्हणाल्या. कागद चाळल्याचा आवाज आला. "चारही दुर्बिणीतून गं."