कचरूभाऊ आणि माळावरची लाईन

आमच्या गावात रेल्वेचं वेड एकाच माणसाला होतं, आणि त्यानं ते हळूहळू सगळ्या गावाला लावलं. कचरूभाऊ त्याचं नाव. साठीला टेकलेला गडी, पण अजूनही मालगाडीशेजारी उभा असल्यासारखा ओरडून बोलतो. उमेदीची सगळी वर्षं त्यानं नवीन जालन्यात गौतमचंद शेठच्या हाताखाली काढली. आधी हमाल, मग मुकादम. कापसाच्या गाठी डब्यांत चढवून चढवून पाठ गेली, पण रूळ काही डोक्यातून गेले नाहीत. गावी परतल्यावर कोणी म्हणालं, "भाऊ, औंदा सोयाबीन बरी हाये," तर हा लगेच विचारणार, "बरी हाये, पण न्हेशील कशात?"

शेठची परतूर बाजूला स्वतःची खाजगी लाईन आहे. मोठ्या रुळावरून फुटून ती त्यांच्या गोदामापर्यंत येते आणि तिथंच संपते. ती पुढं वाढवून वाटूरजवळच्या आमच्या गावाच्या माळावर आणायची, तिथं गोदामं आणि मक्याचा कारखाना टाकायचा, हे शेठच्या डोक्यात कचरूभाऊनंच भरवलं. भरवलं म्हणजे काय, डोकं खाल्लं. दर महिन्याला जालन्याला जाऊन शेठसमोर बसायचा आणि माळाचे गोडवे गायचा. मुरमाड जमीन, सपाट, ना विहीर ना झाड. कोणाचं शेत जात नाही, म्हणजे कोणी कोर्टात जात नाही.

शेवटी शेठ माळ बघायला आले. बघून झाल्यावर कचरूभाऊच्या ओसरीवर चहा झाला. मीही होतो. माझं वाटूरला बी-बियाणांचं दुकान आहे, आणि खरं सांगायचं तर माळावरच्या नव्या चौकात मी मनातल्या मनात दुसरं दुकान टाकून मोकळा झालो होतो.

"कचरू, बराबर सांग," शेठ म्हणाले. "उद्या कोणी उठून म्हणेल हे आमचं, ते आमचं."

"बिलकुल न्हाई, शेठ. माळावर कोणाचं काई न्हाई. आखा मोकळा हाये."

कचरूभाऊची आई, दुर्गामाय, दारात तूर निवडत बसली होती. पंच्याऐंशीची म्हातारी, पण कान तिखट. हात थांबवून तिनं विचारलं, "कोणाचंच न्हाई?"

"न्हाई, माय. तू चहाला साखर घातली का बघ."

दुर्गामाय सूप घेऊन आत गेली. आम्ही कोणी तिच्याकडं पाहिलंही नाही.

इथं कचरूभाऊच्या नावाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडं ज्या बाईची लेकरं जगत नाहीत, तिच्या पुढच्या लेकराला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवतात आणि नाव कचरू ठेवतात. मरणाला वाटावं, हा कचरा नेऊन काय करायचं. कचरूभाऊच्या आधीची तीन गेली होती. तो स्वतःच हे चारचौघांत हसत हसत सांगायचा. "यमानं सुपातून निवडून मला फेकून देल्लं," म्हणायचा, आणि आम्ही हसायचो. तीन गेली हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. गेली म्हणजे नेमकी कुठं गेली, हे साठ वर्षांत ना त्यानं विचारलं, ना आम्ही.

ग्रामसभेत माळ शेठला द्यायचा ठराव झाला. हात वर झाले ते बाप्यांचे. बायका आल्या नव्हत्या. आल्या असत्या तरी त्यांना कोणी विचारलं नसतं, हे मी आज लिहितोय, तेव्हा ते मनातही आलं नाही. मोजणी झाली, वरून ड्रोन फिरलं, चुन्याच्या पट्ट्या पडल्या. कचरूभाऊ दिवसभर मोजणीवाल्यांच्या पुढं चालायचा. शेण गोळा करणाऱ्या बाया दिसल्या की त्यांची टिंगल करायचा. "एवढा मोकळा माळ, अन् ह्या बाया दारू पिल्यावानी वाकड्यातिकड्या चालून राह्यल्या! सरळ चाला की जरा!" बाया तशाच इकडून वळून, तिकडून वळसा घालून जायच्या.

कामाचा नारळ फोडायचा दिवस उजाडला. सकाळीच मांडव पडला. जेसीबीला झेंडूच्या माळा घातल्या. शेठ आले, त्यांच्या शेजारच्या खुर्चीत कचरूभाऊ, डोक्यावर फेटा, हातात नारळ. त्या दिवशी त्याच्याइतका सुखी माणूस सगळ्या तालुक्यात नसेल. आचाऱ्यानं बुंदी पाडली होती, आणि तिचा वास सुटला तशी गावाकडून बायकांची रांग येताना दिसली. पुढं दुर्गामाय, नातीचा, राजनंदिनीचा हात धरून.

"आल्या बघा!" कचरूभाऊ शेठना म्हणाला. "बुंदीचा वास बायकांना जल्दी लागतो."

पण बायका मांडवात आल्याच नाहीत. मांडवाला वळसा घालून त्या माळावर गेल्या आणि पांगल्या. एक इथं थांबली, दुसरी तिथं. कोणी चुन्याच्या पट्टीवर, कोणी पट्टीच्या अलीकडं, कोणी लांब बोरीच्या झुडपापाशी. दोघींचं एका जागेवरून थोडं वाजलंही. एक म्हणत होती तिचा धोंडा हाच, दुसरी म्हणत होती तिचा. मग दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. ना घोषणा, ना फलक. बघता बघता तो आखा मोकळा माळ बायकांनी भरून गेला. एकेक बाई, आपापल्या जागेवर, खाली बघत.

जेसीबीवाल्यानं मशीन सुरू केलं होतं, ते त्यानं आपणहून बंद केलं. त्याला काय कळलं देव जाणे. आम्हाला तर काहीच कळत नव्हतं. अगदी मांडवाच्या कडेला, माझ्या खुर्चीजवळ, आमची चुलती उभी होती. मी चिडून म्हणालो, "काकू, हे काय लावलंय तुम्ही सगळ्यांनी?"

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आमचं पहिलं इथं हाये रे बाबा. तू खुर्ची जरा मांघं घे."

 मी उठलो, खुर्ची मागं घेतली, पण पाय कुठं टेकवावा ते समजेना. काकूचं पहिलं लेकरू गेलं हे मला माहीत होतं. पण त्याच्या उशाशी खुर्ची टाकून मी बुंदीची वाट बघत होतो!

त्या काळी बाळंतपणं घरातच व्हायची. तान्हं लेकरू गेलं तर त्याला जाळत नाहीत, पुरतात. ना तिरडी, ना दहावा. घरातली म्हातारी आणि दाई दोघी मिळून ते कपड्यात गुंडाळून पाटीतून माळावर न्यायच्या, वर बाभळीच्या काट्या टाकायच्या, आणि बाळंतीण उठून फिरायला लागली की कधीतरी तिच्या कानात जागा सांगायच्या. बाप्यांनी विचारायचं नाही. आम्ही विचारलं नाही, आणि मग आम्हाला माहीतच राहिलं नाही. माळावर वाकड्या चालणाऱ्या बाया कशाला वळसा घालत होत्या, ते मला त्या सकाळी समजलं.

कचरूभाऊला अजून समजलेलं नव्हतं. तो लालबुंद होऊन आईकडं धावला. मीही मागं गेलो, म्हातारीला काही बोलून बसेल या भीतीनं.

"माय, काय तमाशा लावला? शेठ बसून राह्यले तिकडं! घरी चाल!"

दुर्गामाय जागची हलली नाही.

"तू आला ते बरं झालं," ती म्हणाली. "मी एकटी तीन जागी कशी उभी राहू? थोरला माझ्यापाशी हाये. दुसऱ्यापाशी राजनंदिनी हाये. तू त्या पांढऱ्या दगडापाशी जा."

"कोण थोरला?"

"तुझा भाऊ. जा आता. चपला काढून उभा राह्य."

कचरूभाऊचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. रागानं फुललेला माणूस डोळ्यांदेखत पांढराफटक पडला. त्यानं चुन्याच्या पट्टीकडं पाहिलं, जी त्यानंच पुढं चालून आखून घेतली होती. पांढरा दगड बरोबर पट्टीच्या मधोमध होता. तो तिथवर गेला, चपला काढल्या आणि उभा राहिला. नारळ हातातच होता. तो कुठं ठेवावा हेही त्याला सुचेना, कारण खाली ठेवायचा म्हणजे तिथंच ठेवायचा.

तोवर शेठ काठी टेकत मांडवातून बाहेर आले. थोड्या अंतरावर थांबले, पुढं यायचं धाडस त्यांनाही होईना.

"कचरू," ते म्हणाले, "तूच मला इथं आणलंस. तूच म्हणालास, कोणाचं काही नाही. आता तूच आडवा उभा? तिथं तुझं कोण आहे?"

 कचरूभाऊला माहीतच नव्हतं. साठ वर्षांचा माणूस मान वळवून आईला ओरडून विचारू लागला, "माय! हितं कोण हाये? ह्यो बी भाऊच का?"

"बहीण हाये!" माळाच्या त्या टोकावरून दुर्गामायचा चिरका आवाज आला. "सव्वा महिन्याची झाल्ती! बारसं झाल्तं तिचं! शालू नाव ठेवल्तं!"

 शेठना थोडं कमी ऐकू येतं. त्यांनी कानाला हात लावून पुन्हा विचारलं, "कोण आहे म्हणाली?"

 फेट्याच्या शेमल्यानं कचरूभाऊनं तोंड पुसलं, आणि पाहुण्याला घरातल्या माणसाची ओळख करून द्यावी तसं हळू म्हणाला, "शालू हाये, शेठ. माझी थोरली बहीण."