टाचणीने दाबून धरलेला ठोकळा

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि मी भित्रा आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याकडून कुणी भलती अपेक्षा ठेवणार नाही. ही हकीकत टाचणीची आहे.

लाकडाच्या वखारीत ऑफिस सांभाळणाऱ्या त्या मुलीला सगळे टाचणीच म्हणत. अंगाने काडी, पण बोलली की टोचायची. तिचा बाप त्याच वखारीत तीस वर्षं मोठ्या करवतीवर होता आणि थोरला भाऊ फळ्या रचायला. ऑफिस म्हणजे करवतीशेजारची पत्र्याची खोली. तिथे एकच कॉम्प्युटर. ऑर्डरी त्याच्यावर आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही त्याच्यावरच. भुसा तिथे हवेत असायचा, चहातही असायचा. दर शनिवारी ती मशीनचं झाकण उघडून, पंखा एका बोटाने धरून, रंगाच्या ब्रशने आतली जाळी साफ करायची. पंखा नीट फिरला नाही तर प्रोसेसर तापतो आणि मशीन जीव वाचवायला आपणहून बंद पडतं, एवढंच मी तिला सांगितलं होतं. बाकीची गिऱ्हाइकं हे या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देतात. तिने मनावर घेतलं.

वखारीत बाकी सगळं कॉम्प्रेसरच्या पाइपने साफ व्हायचं. करवत, कपडे, केस, जेवायचं टेबलसुद्धा. मालकाच्या मुलाला, म्हणजे धाकट्या मालकाला, त्या पाइपची भारी हौस. कुणाच्या पाठीवर झोत सोड, कुणाच्या डोळ्यांत भुसा उडव, आणि मग मस्करी केली म्हणून हस. एकदा टाचणीचं मशीन उघडं दिसलं तर त्याने पाइप थेट आत खुपसला. पंखा किंचाळला, पाती तुटली. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा असतो, त्याची एका कोपऱ्यातली खुंटीही मोडली.

"आता काय करू मी?" ती म्हणाली.

"फुंकर घालत बस," तो म्हणाला.

तिने समोर टेबल फॅन लावला. नुसतं चालू ठेवलं तर मशीन कसंबसं चालायचं, जरा जड काम दिलं की बंद.

चार दिवसांनी त्याने तोच पाइप तिच्या बापाच्या कानाला लावला. बापाने एवढंच म्हटलं होतं, की पात्यावरचं झाकण बसवल्याशिवाय मी करवत चालवणार नाही. दोघांनी त्याला ओंडक्यावर आडवा दाबून धरला होता. कानाचा पडदा फाटला. मी दवाखान्यात गेलो तेव्हा उशी लाल झालेली. वखारवाल्याने सगळीकडे पसरवलं, की म्हातारा पिऊन आला होता, पडला. जन्मात थेंब न घेतलेला माणूस! आणि तो स्वतःही तेच धरून बसला, "पाय घसरला माझा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण माझी आग तिथेच राहते, हातापर्यंत कधी येत नाही.

टाचणी त्या दिवशी रजेवर होती. दुसऱ्या दिवशी, मशीन मध्येच बंद पडत असताना, तिने तुकड्यातुकड्याने रेकॉर्डिंग पाहिलं. "दोघांनी धरलं होतं," एवढंच मला म्हणाली. कोणी, ते मी विचारलं नाही.

धाकट्याने तिला ते पुसून टाकायला सांगितलं. ती म्हणाली, "उघडायला गेलं की मशीन बंद पडतं, बघा." खरंच पडलं. "मग उद्या भंगारात देतो," तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. "काका, नवा पंखा घेऊन या. अर्धाच तास आहे. रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर काढून घेते, पण दर वेळी मशीन मध्येच बंद पडतंय."

पंखा माझ्या फळीवर होता. वखार दहा मिनिटांवर. पण फाटकाशी धाकटा खुर्ची टाकून बसतो हे मला माहीत होतं. माझी पाचावर धारण बसली.

"अगं, गिऱ्हाईक आहे," मी म्हणालो. दुकानात चिटपाखरू नव्हतं. "फोनवर सांगतो, तसं कर."

टेबल फॅन अगदी जवळ घ्यायला लावला. ठोकळ्याचा सुटलेला कोपरा हाताने खाली दाबायला सांगितला. पडद्यावरचे तापमानाचे आकडे ती वाचत होती.

"चौऱ्याण्णव. काका, भाजतंय."

"दाब. तो प्रोसेसरला चिकटून राहिला पाहिजे."

"शहाऐंशी. एकोणऐंशी. निघतंय रेकॉर्डिंग. वीस मिनिटं दाखवतंय."

"हात काढलास तर सगळं पहिल्यापासून."

पंधराव्या मिनिटाला दार आपटल्याचा आवाज आला. "हो बाजूला," धाकटा म्हणाला. ती "नाही" म्हणाली. मग फळीचा आवाज. लाकूड लाकडावर पडलं तर वेगळं वाजतं, अंगावर पडलं तर वेगळं. तो शिव्या देत होता आणि मोजून मारल्यासारखा मारत होता. एकदा काहीतरी मोडल्याचा आवाज आला. ते लाकूड नव्हतं, तिचं डावं मनगट होतं. ती किंचाळली नाही. दात-ओठ खात आकडे म्हणत राहिली. ऐंशी. ब्याऐंशी. ऐंशी. मी फोन कानाला लावून माझ्या खुर्चीत बसलो होतो. मला माझीच किळस आली, आणि तरी मी उठलो नाही.

"झालं," ती म्हणाली.

मग त्याने लाथ घालून मशीन खाली पाडलं. जेवून परतलेली माणसं दारात जमली तेव्हा कुठे तो थांबला. पेनड्राइव्ह तोवर तिच्या तोंडात होता.

संध्याकाळी मी दवाखान्यात लॅपटॉप नेला. तिचा उजवा तळहात सोलवटलेला, डावा हात प्लास्टरमध्ये, एक डोळा मिटलेला. बापाच्या कॉटवर लॅपटॉप ठेवून मी रेकॉर्डिंग लावलं. पाइप धरलेला धाकटा. बापाचे खांदे दाबून धरणारा, वखारीचा माल नेणारा ट्रकवाला. आणि दोन्ही पाय घट्ट धरून, हसत, तिचा थोरला भाऊ.

बापाने पडद्याकडे पाहिलंही नाही. त्याला माहीतच होतं. तो उठला आणि त्याने टाचणीच्या सुजलेल्या गालावर सणसणीत चपराक ओढली.

"तुला भाऊ एकच आहे," तो म्हणाला.

"बापही एकच आहे," ती म्हणाली, आणि लॅपटॉप मिटायला लावला.

पोलीस चौकीत मी तिच्याबरोबर गेलो. ही काही मर्दुमकी नव्हे. तिचे दोन्ही हात कामातून गेले होते, लॅपटॉप उचलायला कुणीतरी हवं होतं. तक्रार लिहिणाऱ्याने दोन नावं लिहिली आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"पाय धरलेला हा कोण?"

"भाऊ."

त्याचा हात थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"सख्खा," ती म्हणाली. "लिहा."